भिंतीपलीकडची हाक

खानापूर भागातील एका भगिनीने आम्हांस एक प्रश्न लिहून पाठविला आहे. प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही. नवे घर बांधलेल्या पुष्कळ कुटुंबांचा तो आहे. म्हणून त्याचे उत्तर ह्या स्तंभातूनच द्यावे असे आम्ही योजिले. त्या लिहितात : "फादर, आमचे जुने घर मातीच्या भिंतींचे व मंगळुरी कौलांचे होते. त्या घरात फोन कोठेही वाजे. चुलीपाशी वाजे, माजघरातही वाजे. घरच्यांनी बारा वर्षे आखातात काढली आणि त्या पैशांतून आम्ही नवे घर बांधले. वर स्लॅब घातला, स्लॅबवर पावसासाठी पत्रे घातले, खिडक्यांना निळी चकाकणारी काच बसविली. आता फोन पडवीत वाजतो आणि उंबरा ओलांडला की मुका होतो. सासूबाई आतल्या खोलीत खाटेवर पडून असतात. मुलाचा फोन आला तरी त्यांना त्याचा आवाज ऐकावयास मिळत नाही. शेजारी म्हणतात, घरात काही तरी दोष राहिला आहे. आपण पुन्हा एकदा येऊन घर आशीर्वादित कराल काय?"

आशीर्वाद द्यावयास आम्ही केव्हाही येऊ, आणि त्यांनी केलेला चहाही घेऊ. परंतु शेजाऱ्यांनी सांगितलेला दोष ह्या घराला लागलेला नाही. जो दोष आहे तो सिमेंटात, सळईत आणि त्या निळ्या काचेत आहे, व तो समजून घेतला तर बराचसा दूर करता येतो.

ज्याला आपण 'रेंज' म्हणतो ती टॉवरवरून निघणारी रेडिओ-लहर होय. प्रकाश हाही त्याच जातीचा, त्याच वेगाने धावणारा. फरक आहे तो लहरीच्या लांबीचा. ह्या लांबीत काय गुण असतो हे समजावयास चर्चच्या आवारात उभे राहिले तरी पुरे. सायंकाळी घंटा वाजते तेव्हा ती घरामागे विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बाईलाही ऐकू येते. मध्ये घर उभे आहे म्हणून नाद अडून राहत नाही. परंतु वेदीवरची मेणबत्ती मात्र दारासमोर उभा असेल त्यालाच दिसते. दाराच्या बाजूला दोन पावले सरकलात की ती दिसेनाशी होते. नाद ही हवेतील लाट, प्रकाश ही निराळी. पण वळण्याचा नियम दोघांना एकच आहे. लाट जितकी लांब तितकी ती कोपऱ्याभोवती सहज वळते. घंटेच्या नादाची लाट हात-दीड हात लांब असते. प्रकाशाची लाट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही आखूड असते, आणि म्हणून प्रकाश सरळ रेघेत जातो.

मोबाईलची लहर ह्या दोहोंच्या मधली आहे. आपल्या देशात तिच्या निरनिराळ्या पट्ट्या वापरात आहेत. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्टीतील लहर सुमारे हातभर लांब, ९०० ची फूटभर, १८०० ची वीतभराहून थोडी कमी, आणि नव्या 'फाइव्ह-जी'ची जी ३५०० च्या आसपासची मुख्य पट्टी आहे तिची लहर केवळ चार बोटे. लांब लहर घंटेसारखी वागते : वळते, झाडामागे जाते, भिंतीतून बरीचशी पार होते. आखूड लहर मेणबत्तीच्या बाजूला झुकते. मग आखूड लहरी वापरतात तरी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की वरच्या पट्ट्यांत जागा मोठी. खालच्या पट्ट्या पाणंदीसारख्या अरुंद, वरच्या हमरस्त्यासारख्या रुंद. चित्रपट, व्हिडिओ-कॉल, मुलांचे ऑनलाइन वर्ग ही सारी अवजड वाहने पाणंदीत मावत नाहीत.

आता त्या भगिनींच्या घराकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्यांचे केवळ घरच बदलले नाही. त्याच काळात लहरही आखूड झाली. पूर्वी खेड्यापाड्यांतून जो साधा फोन चाले तो बहुतांशी ९०० च्या पट्टीवर चाले. २०१६ नंतर 'फोर-जी' खेड्यांत पसरले ते ८५०, १८०० व २३०० अशा पट्ट्यांवर. त्यांपैकी शेवटच्या दोन आखूड लहरींच्या. दोन्ही बदल हातात हात घालून आले, आणि सारा दोष मात्र नव्या घराच्या माथी आला.

भिंतीपलीकडे लहर जाऊ शकते हे चारचौघांसमोर प्रथम दाखविणाऱ्यांत आपलाच एक देशबांधव होता, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस ह्यांनी एका बाजूस लहरी उत्पन्न करून, मधल्या भिंतींपलीकडे ठेविलेली घंटा वाजवून दाखविली व तेथील दारूही पेटवून दाखविली. मध्ये तार नाही, दोरी नाही. बोस ह्यांना पदार्थविज्ञानाची गोडी लागली ती कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स कॉलेजात, आणि लावणारे होते येशूसंघाचे बेल्जियन धर्मगुरू फादर युजीन लाफों. पुढे बरोबर शंभर वर्षांनी, ३१ जुलै १९९५ रोजी, भारतातील पहिला मोबाईल फोन लागला तोही कलकत्त्याहूनच : बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू ह्यांनी तेथून दिल्लीस दूरसंचारमंत्री सुखराम ह्यांच्याशी संभाषण केले. योगायोग म्हणावा हवे तर. परंतु भिंत ही लहरीला पूर्ण बंद नाही, एवढे बोस ह्यांची घंटा तेव्हाच सांगून गेली होती.

पूर्ण बंद नाही. पण उघडीही नाही. अभियंते हिशेबासाठी जो ठोकताळा वापरतात त्याप्रमाणे ९०० च्या लहरीचा सुमारे सातवा हिस्सा काँक्रीटच्या भिंतीतून पार होतो. त्याच भिंतीतून ३५०० च्या लहरीचा केवळ ऐंशीवा हिस्सा पार होतो. आणि हा हिशेब गुणाकाराने चालतो, बेरजेने नव्हे. आतल्या खोलीला दुसरी तशीच भिंत लागली की ऐंशीव्याचाही ऐंशीवा, म्हणजे ६,४०० वा हिस्सा शिल्लक राहिला. साधी काच असेल तर मात्र जवळजवळ निम्मी लहर आत येते. म्हणून आपल्या घरात जी रेंज येते ती भिंतीतून थोडी आणि खिडकी-दारांतून फार. आत आल्यावर ती समोरच्या भिंतीवर आपटते, उलटते, दारातून वळते, पुन्हा आपटते, आणि अशी धक्के खात आतल्या खोलीपर्यंत जेमतेम पोहोचते. बाहेरचा पाहुणा सरळ माजघरात शिरत नाही. पडवी, ओटी असे करीत आत येतो, तशातला हा प्रकार.

ह्यावरून जुन्या घराचा गुण कळतो. मातीच्या जाड भिंती काही फार उदार नव्हत्या. परंतु वरची कौले कोरड्या दिवसांत लहरीला बहुधा आडवी येत नाहीत, लाकडी दारे-खिडक्याही येत नाहीत, आणि चूल, माजघर, ओटी ही वर एकमेकांना मोकळी असत. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्या बसवीत. त्यांतूनही लहरीला वाट असे. नव्या घरात स्लॅब आला, स्लॅबात सळयांची जाळी आली. आणि ती निळी, आरशासारखी चकाकणारी काच! ऊन परतविण्यासाठी ज्या काचेवर धातूचा अतिशय पातळ लेप दिलेला असतो, ती काच उन्हाबरोबर रेंजही परतविते. अशा काचेतून लहरीचा दोनशेवा हिस्साही आत येत नाही. खिडकीने भिंतीहून अधिक अडवावे असा हा विपरीत प्रकार आहे, आणि त्यासाठी आपण साध्या काचेहून जास्त पैसे मोजून बसलो आहोत.

तीच गोष्ट डासांच्या जाळीची. नायलॉनची जाळी लहरीला नसल्यासारखीच आहे. स्टीलची किंवा ॲल्युमिनियमची बारीक जाळी मात्र डासाबरोबर रेंजलाही बाहेर ठेविते, कारण चार बोटांच्या किंवा फूटभराच्या लहरीला ती बारीक भोके दिसतच नाहीत. तिच्या लेखी तो सबंध पत्राच असतो. छपरावरच्या पत्र्याविषयी सांगावयाचे तर, टॉवर समोरच्या बाजूला व लांब असेल तर त्या पत्र्याने फारसे बिघडत नाही, कारण लहर आडवी येते. परंतु घाटाखालच्या वाड्यांत जेथे घर खोलगट जागेत व टॉवर डोंगरमाथ्यावर असतो, तेथे लहर वरून उतरते. तेथे पत्रा घराला टोपीसारखा बसतो.

ह्या संदर्भात एक शंका पुष्कळांना येते. "फादर, काड्या तर दिसतात, मग बोलणे का तुटते?" काड्यांवर फार भरवसा ठेवू नये; किती रेंजला किती काड्या दाखवावयाच्या हे फोन बनविणारा आपल्या मताने ठरवितो. पण खरे कारण दुसरेच आहे. फोनचा कान फार तिखट असतो. एका वॉटचा दहा लाखावा भाग, त्याचा पुन्हा दहा लाखावा भाग आणि त्याचाही दहावा भाग, एवढी लहर त्याच्यापर्यंत पोहोचली तरी तो ती ओळखतो. तोंड मात्र त्याचे लहान आहे. टॉवर बोलतो तो वीस किंवा त्याहून अधिक वॉटच्या जोराने. आपला 'फोर-जी' फोन फार तर एक पंचमांश वॉटने बोलतो. म्हणजे टॉवरची हाक आपल्याला ऐकू येते, पण आपली 'ओ' त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. भिंत दोघांच्या मध्ये एकच असली तरी ती दुबळ्याला अधिक भोवते.

येथेच एक गंभीर गोष्ट सांगणे आम्हांस कर्तव्य वाटते. आमच्या भागात व गोव्यातही अनेक गावांत टॉवर नको म्हणून ग्रामसभा गाजल्या आहेत. लहरींनी कर्करोग होतो असे सांगितले जाते. भय खोटे म्हणून झिडकारावे असे आम्ही म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०११ साली ह्या लहरींना 'कदाचित कारण असू शकेल' अशा वर्गात घातले होते, हे खरे आहे. त्याच वर्गात आशियाई पद्धतीने मुरविलेल्या भाज्याही आहेत, हेही तितकेच खरे आहे. पुढे २०२४ साली त्याच जागतिक संघटनेच्या सांगण्यावरून झालेल्या मोठ्या आढाव्यात मोबाईलचा वापर व मेंदूचा कर्करोग ह्यांत संबंध आढळला नाही. आपल्या सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींवर घातलेली मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या भागाइतकी कडक आहे.

परंतु वाचकांनी ध्यानात धरावे असे ह्याहून वेगळेच आहे. टॉवर लांब गेला म्हणजे लहर आपल्यापासून लांब गेली असे होत नाही. फोन हा शहाणा सेवक आहे. टॉवर जवळ असला, वाट मोकळी असली, की तो कुजबुजतो. टॉवर लांब असला, मध्ये भिंती असल्या, की तोच आपला जोर हजारपट आणि त्याहूनही अधिक वाढवितो, आणि हे तो करतो आपल्या कानाशी चिकटून. टॉवरचा मुख्य झोत तर आडवा, दूरवर जाणारा असतो; त्याच्या पायथ्याशी दिव्याखाली अंधार अशीच स्थिती असते. तेव्हा ज्याला लहरींचे भय वाटते त्याने टॉवर गावाबाहेर हाकलून, स्लॅबखाली बसून, फोन कानाला लावून तास-तास बोलावे, हे औषध रोगाहून वाईट आहे. अशा माणसाने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा करून बोलावे, किंवा कानात वायर घालावी. आणि खरे बोलावयाचे तर, विरोधाचे मूळ दर वेळी लहरींतच असते असे नाही. कधी ते शेजाऱ्याच्या आवारात टॉवर येऊन त्याला मिळणाऱ्या भाड्यातही असते.

गेल्या पावसाळ्यात एका वाडीतून आम्हांस आजाऱ्यासाठी रात्री बोलावणे आले ते फोनने नव्हे. त्या माणसाचा थोरला मुलगा भर पावसात टेकडी चढून गेला, तेथे त्याला रेंज मिळाली, आणि तेथून त्याने रुग्णवाहिकेला व नंतर आम्हांस कळविले. घरातून टेकडीवर जावयास त्याला पाऊण तास लागला. त्या वाडीत टॉवर येणार होता. सभेने तो नाकारला होता. आजारी मनुष्य वाचला, म्हणूनच आम्ही हे छापू शकतो. ज्यांनी त्या सभेत हात वर केले ते सारे सज्जन आहेत व त्यांनी गावाच्या भल्यासाठीच तसे केले. परंतु तो पाऊण तासही त्यांनी हिशेबात धरावयास हवा होता, असे आम्हांस वाटते.

पावसाचा विषय निघाला आहे तर तोही उरकून घेऊ. पावसात रेंज जाते ती पाऊस लहर खातो म्हणून, असा समज आहे. ह्या लांबीच्या लहरीला पावसाचे थेंब फारसे जाणवतही नाहीत. मात्र भिजलेली झाडे जाणवतात : फणस, आंबा, काजू ह्यांचे ओले रान टॉवर व घर ह्यांच्या मध्ये असले तर लहर बरीच गळते. आपला जांभा चिराही सच्छिद्र. चार महिने पाणी पिऊन फुगलेली भिंत कोरड्या भिंतीहून अधिक अडविते. आणि सर्वांत मोठे कारण लहरीचे नव्हेच. वीज जाते, टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत उतरतात, आणि मग रेंज खोलीतूनच काय, टेकडीवरूनही जाते.

आता त्या भगिनींनी काय करावे ते सांगतो. पहिली गोष्ट, टॉवर कोणत्या दिशेला आहे हे शोधावे; गावातील पोरे ते लगेच सांगतात. त्या बाजूची सरकती खिडकी फोन येण्याच्या वेळी अर्धी उघडी ठेवावी. अर्ध्या उघड्या खिडकीतून जेवढी लहर आत येते तेवढी लेपाच्या बंद काचांतून येणार नाही. जाळी धातूची असेल तर नायलॉनची घालावी. खर्च थोडा आहे. मग फोन हातात घेऊन खिडकीजवळ वीत-वीत सरकवून पाहावा. हे हास्यास्पद वाटेल, पण त्यात मर्म आहे. खोलीत आपटून आलेल्या लहरी एके ठिकाणी एकमेकींना मारतात व वीतभर अंतरावर एकमेकींना बळ देतात. म्हणूनच जुन्या जाणत्या बायका फोन पिशवीत घालून खिडकीच्या एका ठराविक गजाला टांगीत, दुसऱ्या गजाला नव्हे. लोक त्यांना हसत. त्यांनी लहरींची गाठ शोधून काढली होती, आणि तीही कॉलेजात न जाता! तशी जागा सापडली की तेथे खिळा ठोकावा आणि आवाज मोठा करून सासूबाईंना खाटेवरूनच बोलू द्यावे. फोन लोखंडी कपाटावर किंवा कपाटाशेजारी मात्र ठेवू नये.

ह्याहून पक्का उपाय हवा असेल, आणि घरात किंवा शेजारी तारेचे इंटरनेट येत असेल, तर वाय-फायवरून फोन लावण्याची सोय डिसेंबर २०१९ पासून आपल्या देशात आली आहे. तीत बोलणे टॉवरकडे न जाता घरातल्या वाय-फायच्या डबीतून तारेने जाते. फोन तसा असावा लागतो, कंपनीही ती सोय देणारी असावी लागते, आणि फोनच्या सेटिंगमध्ये ती चालू करावी लागते. नंबर तोच राहतो, वेगळे ॲप लागत नाही. जेथे तार नाही पण घराबाहेर रेंज चांगली आहे, तेथे आजकाल कंपनी छपरावर एक डबी बसविते व तिची तार भिंतीतून आत आणते; लोक त्याला एअरफायबर म्हणतात. भिंत ओलांडावयाची तर लहरीपेक्षा तार केव्हाही बरी.

परंतु एक गोष्ट कृपा करून करू नये. बाजारात व ऑनलाइन 'बूस्टर' म्हणून एक यंत्र विकतात. बाहेरची लहर घ्यावयाची, मोठी करावयाची व घरात सोडावयाची, असे त्याचे काम. कल्पना चांगली आहे आणि कंपन्या स्वतः मोठ्या इमारतींत तशी यंत्रे बसवितातही. परंतु खाजगी माणसाने परवान्यावाचून ते बाळगणे आपल्या देशात १९३३ च्या बिनतारी कायद्यापासून गुन्हा ठरत आला आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही ती मोकळीक दिलेली नाही. नियम उगीच नाही. सणाच्या दिवशी मांडवात माईक लाउडस्पीकरसमोर गेला की कशी कर्कश शिट्टी बसते, ते सर्वांच्या कानांना ठाऊक आहे. बूस्टरची आतली व बाहेरची तोंडे एकमेकांना ऐकू लागली की तोच प्रकार लहरींचा होतो. ती शिट्टी कानाला ऐकू येत नाही इतकेच, पण टॉवर बहिरा होतो आणि सबंध वाडीचे फोन तुटू लागतात. एका घरातील सासूबाईंना मुलाचा आवाज मिळाला व दहा घरांचा गेला, असे होऊ नये.

शहरातील इस्पितळांत, बाजारांत व कचेऱ्यांत छताला बशीएवढ्या पांढऱ्या डब्या चिकटविलेल्या वाचकांनी पाहिल्या असतील. त्यांपैकी पुष्कळशा मोबाईलच्याच असतात : बाहेरून तार आत आणून प्रत्येक मजल्यावर जणू छोटे छोटे टॉवर लाविलेले असतात. मेट्रोच्या बोगद्यात तर सबंध लांबीला एक केबल ताणतात व तिच्या वेष्टनाला मुद्दाम चिरा ठेवितात. ठिबकसिंचनाच्या नळीसारखी ती वाटभर लहर झिरपत ठेविते. इमारतीत रेंज कशी मिळते ह्यावरून इमारतींना दर्जा देण्याचा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये केला आहे. तो मोठ्या बांधकामांसाठी आहे. परंतु आपल्यापैकी जे वडोदरा, हैदराबाद किंवा पणजीस फ्लॅट घेतात त्यांनी नळाला पाणी येते का हे पाहताना आतल्या खोलीत फोन लागतो का हेही पाहण्यास हरकत नाही. घर बांधणाऱ्यांनी तर गवंड्याशी बोलतानाच हा विचार करावा. आजारी किंवा म्हातारे माणूस ज्या खोलीत राहणार, त्या खोलीला टॉवरच्या बाजूची एक मोठी खिडकी व साधी काच असावी.

ह्याच टपालात आणखी एका गृहस्थांची सूचना आली आहे. त्यांना रेंज नको आहे! मिस्सेच्या वेळी चर्चमध्ये फोन वाजतात, म्हणून फोन बंद पाडणारे यंत्र चर्चमध्ये बसवावे असे ते म्हणतात. त्यांच्या भावना आम्ही जाणतो. प्रवचन करणाऱ्याइतक्या त्या कोण जाणणार! परंतु तसे 'जॅमर' सरकारच्या परवानगीवाचून कोणालाही लावता येत नाही, चर्चलाही नाही. शिवाय त्याची लहर भिंतीपाशी थांबणार नाही. समोरच्या घरातील फोनही मुका होईल, आणि त्या घरात कोणाला रुग्णवाहिका हवी असेल तर? त्यापेक्षा दारात फोन बंद करावा. आमच्याकडच्या जुन्या चर्चच्या जांभ्याच्या भिंती इतक्या जाड आहेत की खिशातील चालू फोन तासभर टॉवरला शोधीत राहतो, आणि मिस्सा संपता संपता बॅटरी बरीच उतरलेली असते. ज्यांना हे ठाऊक नव्हते ते चार्जरला दोष देत होते.

राहिली आणीबाणीची गोष्ट. आपल्या कंपनीची रेंज नसताना पडद्यावर कधी कधी 'फक्त आणीबाणीचे कॉल' अशा अर्थाची ओळ येते. पुष्कळ जण ती वाचून फोन खाली ठेवितात. तिचा अर्थ उलटा आहे : आपली नसली तरी दुसऱ्या कोणत्या तरी कंपनीची लहर येथवर पोहोचली आहे. अशा वेळी ११२ लाविला तर फोन त्या दुसऱ्या जाळ्यावरून हाक देण्याचा प्रयत्न करतो. स्मार्टफोनवर बंद-चालूचे बटण लागोपाठ तीन वेळा दाबून, आणि साध्या बटणांच्या फोनवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरून ११२ लागावा, अशी सोय २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या फोनांत असावी असा नियम आहे. घरातील म्हाताऱ्या माणसांना हे तोंडी सांगून भागत नाही. कोणते बटण, किती वेळा, हे बोट धरून दाखवावे लागते. आणि ओळ दिसो वा न दिसो, हाक लावण्यापूर्वी आतल्या खोलीतून उठून, उठवत नसेल तर दुसऱ्याच्या हाती फोन देऊन, तो उघड्या खिडकीपाशी न्यावा.